बाजूची सीट

चष्म्याच्या काडीचा स्क्रू कुठेतरी पडला, एवढंच निमित्त. ड्रॉइंगमास्तर तो बसवून घ्यायला घरातून निघाला. नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार होता. अमावास्या वगैरे काही नव्हती, उलट चांगलं चांदणं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, काकांनी गोष्टीसाठी रात्र काळी केली.

ड्रॉइंगमास्तर म्हणजे सकाळी माझ्याबरोबर फिरायला यायचा तो. जन्मभर त्याने शाळेत मुलांना पेला आणि पेल्याची सावली काढायला शिकवली. खोटं बोलायला थोडी कल्पनाशक्ती लागते, ती त्याच्याकडे नव्हती. मुलं म्हणायची, मास्तर ढगसुद्धा फूटपट्टीने काढतील. म्हणून मी त्याचं सगळं ऐकून घेतलं. ऐकायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"काका, तुम्ही कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचात," पुतणी म्हणाली. "आणि लाइट गेल्यावर भुताची गोष्ट?"

"लाइट आले की थांबेन. आणि हिच्यात भूत आहे असं मी म्हटलेलं नाही."

"मग कशाला ऐकायची?" तिचा भाऊ अंधारातून म्हणाला.

नका ऐकू. पण ते दार तेवढं लोटून घे, वारा येतोय.

तर मास्तर निघाला तो दाजींच्या दुकानात. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. चष्म्याचं दुकान होतं, छोटंसं, मागे काचा घासायचं यंत्र. बहीण दवाखान्यात नर्स, अंगाने अगदी किरकोळ. तिची कायम दुसरी पाळी, रात्री अकराला सुटायची. दवाखाना वस्तीच्या बाहेर, कालव्याच्या रस्त्याला. लग्न झाल्यापासून दाजी तिला आणायला जायचे. आधी स्कूटरवरून, मग गाडीने. मागच्या गेटला दिव्याखाली थांबायचं, ती बाहेर यायची, बसायची, पायातले बूट काढायची आणि वळण येईपर्यंत झोपी जायची. यात एका रात्रीचा खंड नाही. पाहुणे जेवायला बसलेले असोत, अंगात ताप असो, अकरा वाजायला आले की दाजी उठायचे. मास्तर चेष्टा करायचा, "दाजी, तुम्हाला बायको दिलीय की रातराणीची एसटी?" दाजी म्हणायचे, "एसटी वेळेवर येत नाही, मास्तर."

त्या वर्षी उन्हाळ्यात ती गेली. आठवडाभराचा ताप, बाकी काही नाही.

दाजी रडले नाहीत. कोणी भेटायला आलं की म्हणायचे, बसा. निघालं की म्हणायचे, या. दुकान चालू होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काच बदलायची आणि विचारायचं, आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं? गिऱ्हाईक काहीतरी एक सांगायचं. दाजींना कोणी तोच प्रश्न विचारला असता तर ते म्हणाले असते, दोन्ही सारखंच. दुःख झालेला माणूस मला कळतो. हे काहीतरी वेगळं होतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग ओठ आपला वाटत नाही, तसं त्यांचं अख्ख्या माणसाचं झालं होतं.

दाजींची मुलगी शहाणी. तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सकाळी घ्यायची एक गोळी दिली, मन उभारी धरावं म्हणून. झोप येईना तेव्हा रात्रीची दुसरी दिली. निघताना बजावलं, या दोन्हींबरोबर दारू चालणार नाही, थोडीसुद्धा नाही. दाजी म्हणाले, हो. हो म्हणायला त्यांचं काही जात नव्हतं.

मास्तरला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की दाजींना झोप नाही. मग गुरुवारी दुकान बंद झाल्यावर तो त्यांच्याबरोबर बसू लागला. "थोडी घ्या दाजी, डोळा लागेल." दाजी म्हणाले, हो.

म्हणजे बघा, मुलीला गोळ्या ठाऊक, बाटली नाही. मामाला बाटली ठाऊक, गोळ्या नाहीत. दोघांनाही तो माणूस झोपायला हवा होता. आणि तो दोघांनाही हो म्हणत होता.

त्या गुरुवारी काडी बसवून झाली, दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत बसले. मास्तरने स्वतःला एक भरला, दाजींना एक भरला, मग दाजींना आणखी एक. मग त्यांना घरी सोडायला गेला. दाजी जेवले, मुलीने दिलेली गोळी घेतली, आणि पाणी पिऊन ग्लास ठेवताना म्हणाले, "माझी गोळी घेतली का गं मी?"

"आत्ता घेतलीत ना, बाबा."

"बरं."

मुलीने मामाला स्वयंपाकघरात ओढलं.

"तोंडाला वास येतोय त्यांच्या. तुम्ही पाजलीत?"

"पाजली काय, दोन घोट. बिचाऱ्याला झोप तरी लागेल."

"झोपेची गोळी चालू आहे त्यांना, मामा. आणि सकाळची वेगळी."

मास्तर म्हणाला, "मला बोलले नाहीत कधी."

"ते कोणाला काय बोलतात? आणि गुरुवारचं सोडा, दुकानात टेबलाखाली बाटली आहे, काल मी पाहिली, काचा पुसायची समजले. रोज घेत असणार. गोळी घेतलेली आठवत नाही त्यांना. मी झोपले की उठून पुन्हा घेतात. पाकीट महिनाभर पुरायचं ते पुरत नाही." तिने दार लोटलं. मग हळू म्हणाली, "आणि अजून एक आहे. आईबरोबरच्या नर्समावशींचा फोन आला होता. विचारत होत्या, तुझे बाबा रात्री मागच्या गेटला गाडी लावून का थांबतात?"

"रात्री?"

"अकराला. त्यांनी हाक मारली तर बाबांनी बघितलंसुद्धा नाही. सकाळी मी बाबांना विचारलं. म्हणाले, मी तर झोपलो होतो. खोटं नाही बोलत ते, मामा. त्यांना खरंच माहीत नाही."

"किल्ली लपव."

"लपवली एकदा. तर चालत निघाले. कालव्याच्या कडेने, अनवाणी. मी धावत जाऊन हात धरून आणलं. डोळे उघडे होते, पण मी कोण ते कळत नव्हतं. उद्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. आजची रात्र दाराला आतून कुलूप लावू या आणि दोघं बसून राहू. मामा, आई गेली. आता हे पण जायचे असं नको."

इतकं सरळ होतं बघा. कुलूप लावायचं आणि बसून राहायचं. पण मास्तरच्या डोक्यात त्याच्या आईचं एक वाक्य लहानपणापासून घट्ट बसलं होतं: झोपेत चालणाऱ्याला अडवू नये, हाक मारू नये, जीव दचकून निघून जातो. तो म्हणाला, "अडवायचं नाही आणि उठवायचंही नाही. ते जातात कुठे, करतात काय, ते बघू. मी मागच्या सीटवर पडून राहतो. काही झालं तर मी आहेच."

"तुम्हीही घेतली आहे, मामा."

"मला काय होतंय?"

"आणि मुलीने ऐकलं?" पुतणीने विचारलं.

रात्र जागून दमलेल्या माणसाला कोणीतरी ठामपणे काही सांगितलं की तो ऐकतो. मीही ऐकलं असतं. मास्तरने घेतली होती, हेही लक्षात ठेवा. मी ते कधी विसरत नाही. पुढचं सगळं त्याने पाहिलंय, आणि त्याच्या पोटात एक पेला होता.

तो गाडीत मागे आडवा झाला, अंगावर चादर घेतली. घरातले दिवे मालवले. शेजाऱ्यांचा टीव्ही बंद झाला. थंडी होती. त्याला वाटलं, आज नाही येत. त्याला जरा बरंही वाटलं.

मग पुढचं दार उघडलं.

दाजी बसले. अंगात झोपायचा सदरा, पायात मात्र बूट, नाड्या नीट बांधलेल्या. त्यांनी स्वतःचा पट्टा लावला. आरसा सारखा केला. गाडी सुरू केली. मास्तर म्हणतो, मला वाटलं होतं गाडी वेडीवाकडी जाईल. तसं झालं असतं तर मी कमी घाबरलो असतो. पण ते फार नीट चालवत होते. रस्त्यावर चिटपाखरू नसताना वळणाला इंडिकेटर देत होते. खड्डा आला की हळू करत होते, शेजारी कोणी झोपलं असावं तसं. पण जाताना शेजारी कोणी नव्हतंच. मास्तरने चादरीतून बघून घेतलं होतं.

कालव्याचा रस्ता. पाण्याचा आवाज. मग दवाखान्याची भिंत.

गेटपाशी दिवा होता. गाडी दिव्याखाली थांबली. दाजींनी इंजिन बंद केलं नाही. हात मांडीवर ठेवून बसले.

कोणी आलं नाही… कोणी गेलं नाही.

मग दाजी बाजूला कलले आणि पलीकडचं दार उघडलं. आतून. ढकलून पूर्ण उघडलं. थंड हवा आत आली. पुन्हा सरळ बसले.

मास्तर खाली पडलेला. त्याला दिव्याचा उजेड दिसत होता, छत दिसत होतं. बाजूची सीट पाठीमागून दिसत होती. बस्स.

दार लागलं.

"वाऱ्याने," पुतण्या म्हणाला.

मीही हेच म्हटलं. मास्तर म्हणाला, असेल. वारा नव्हता, पण असेल.

आणि मग… टिंग. टिंग. टिंग.

हल्लीच्या गाडीत असतं ना, बाजूला माणूस बसला आणि त्याने पट्टा लावला नाही की वाजतं. सीटवर वजन लागतं त्याला. रिकाम्या सीटवर वाजत नाही. जाताना वाजलं नव्हतं.

टिंग. टिंग.

मास्तरने चादर हनुवटीपर्यंत ओढली.

दाजी पहिल्यांदाच बोलले. अगदी साध्या आवाजात.

"पट्टा."



टिंग.

"रोज सांगायचं का?"

ते कलले. पट्टा ओढल्याचा आवाज. खट्. आणि टिंगटिंग थांबली.

मास्तरची बहीण पट्टा लावायची नाही. दमलेली असायची. रोज दाजीच वाकून लावायचे. हे मास्तरला तेव्हा आठवलं, त्या चादरीखाली.

गाडी वळली. परतीचा रस्ता.

"उशीर झाला आज," दाजी म्हणाले. मग थांबले. माणूस उत्तर ऐकायला थांबतो, तितकं थांबले. "असू दे… बूट काढ."

मास्तर म्हणतो, मला वर उठून बघायचं होतं. मान उचलायची, दोन सीटांच्या मधून बघायचं, एवढंच. मान उचलली नाही. तुम्ही उचलली असती, असं म्हणू नका.

"झोप," दाजी म्हणाले. "मी आहे."



मग त्यांचा श्वास मोठा झाला. घोरणं नव्हे. एक लांब श्वास… मग काही नाही. इतका वेळ काही नाही, की मास्तर स्वतः श्वास घ्यायचा थांबला. मग पुन्हा एक… आणि काही नाही.

इंजिनचा आवाज वाढला. पाय जड झाला होता. खड्डा आला, गाडी हळू झाली नाही. इंडिकेटर वाजला नाही. पाण्याचा आवाज… जवळ. फार जवळ.

आता हाक मारायला हवी होती. मास्तरच्या तोंडात आईचं वाक्य. हाक मारू नये. जीव निघून जातो. तो म्हणतो, जीव तर मला समोर निघून जाताना ऐकू येत होता, आणि मी त्या वाक्याला धरून पडलो होतो.

शेवटी तो ओरडला. "दाजी!"

दाजींची मान छातीवर पडली.

आणि त्याच क्षणी हँडब्रेक ओढला गेला. करकर… पूर्ण. गाडी फिरली. चाकं घासत कालव्याची कड सोडून उलट्या अंगाला गेली, शेताच्या बांधाच्या दगडांवर नाकाने आदळली. काच फुटली. मग नुसतं पाणी वाहत होतं कालव्याचं.

दवाखान्यातून माणसं धावत आली. फार लांब नव्हतं. दाजींना त्याच मागच्या गेटने आत नेलं.

ते वाचले. आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही चुळबुळ करणार नाही. पण ती रात्र त्यांचा श्वास यंत्राने चालवावा लागला. सकाळी डॉक्टर मुलीशी बोलले. मास्तर खांदा बांधून शेजारी बसला होता. डॉक्टर म्हणाले, अपघाताने त्यांना खरचटलंय फक्त. जीव जात होता तो त्याच्या आधीच. दारू मेंदूला दाबते, झोपेची गोळी त्याच बाजूने दाबते, सकाळच्या गोळीची गुंगी त्यात मिळते. माणूस झोपतो, मग श्वास घ्यायचंही विसरतो. त्याआधी उठून चालतो, गाडी चालवतो, बोलतो, आणि त्यातलं त्याला काही आठवत नाही. घेतलेली गोळीसुद्धा आठवत नाही, म्हणून आणखी घेतो. बिछान्यात झोपले असते तर सकाळी तुम्हाला कळलं असतं.

मुलीने विचारलं, मग सगळ्या गोळ्या बंद करू? डॉक्टर म्हणाले, मनाची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, त्याने वेगळा घोळ होतो. झोपेची मी बदलतो. बंद करायची ती बाटली.

बाटली बंद झाली. मास्तरने स्वतःचीही केली. मला सांगायचा, धार्मिक झालोय असं समजू नकोस, भ्यालोय.

"आणि दाजींना काहीच आठवलं नाही?" पुतणीने विचारलं.

काहीच नाही. चौथ्या दिवशी मास्तरने त्यांना सगळं सांगितलं. गेट, दार, टिंगटिंग, पट्टा. दाजी छताकडे बघत होते. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मास्तरला वाटलं, ऐकलंच नाही यांनी. मग त्यांनी विचारलं, "ती काही बोलली?"

मास्तर म्हणाला, "मला नाही ऐकू आलं."

"हं," दाजी म्हणाले. "दमलेली असेल."

तोंड भिंतीकडे केलं आणि तेव्हा रडले. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा.

आता माझं ऐका. मी ही गोष्ट खूप वेळा तपासली आहे. दार वाऱ्याने लागलं. टिंगटिंग, तर सीटखालची वायर सैल झाली असेल. दाजी बोलले ते गोळ्या आणि दारू बोलली. आणि हँडब्रेक मास्तरनेच ओढला. दोन सीटांच्या मधून हात घातला, ओढला, आणि भीतीने विसरला. त्याच्याही पोटात एक पेला होता ना. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, असेल. मला तसं आठवत नाही, पण असेल. एवढ्यावर आमचं मिटलं होतं.

मग एका सकाळी तो म्हणाला, गॅरेजवर येतोस का, गाडीचं काय करायचं ते विचारू. मी गेलो. हे आता मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

गाडी शेडच्या मागे उभी होती. पुढचं तोंड आत गेलेलं. मेकॅनिक हात पुसत आला, तरुण होता. म्हणाला, "गाडीत राम नाही, साहेब. बाजूला बसलेल्यांना कितपत लागलं?"

मास्तर म्हणाला, "बाजूला कोणी नव्हतं."

मेकॅनिकने आमच्याकडे बघितलं. मग गाडीचं दार जोर लावून उघडलं.

बाजूच्या सीटचा पट्टा लावलेलाच होता. कोणी सोडला नव्हता.

"रिकाम्या सीटवर लावला तर हा पाठीला चिकटून बसतो," तो म्हणाला. "आपोआप आत ओढला जातो ना. आणि गाडी आदळली की जिथे असेल तिथे घट्ट अडकतो, परत हलत नाही. बघा."

पट्टा पाठीला चिकटलेला नव्हता. सीटपासून सुटून पुढे होता. मधे जागा होती. कापडावर, छातीशी येईल तिथे, आडवा घासल्याचा वळ होता. आत वजन येऊन आदळल्याचा.

मी वाकून त्या वळावरून बोट फिरवलं.

मेकॅनिकने बटण दाबून पट्टा सोडला. तो आत गेला नाही. तेवढाच बाहेर लोंबत राहिला.

मास्तर त्या सीटवर बसला. पट्टा घेतला. छातीवरून आणला, खाली खोबणीकडे नेला…

अपुरा पडला. ओढून पाहिला, पोट आत घेऊन पाहिलं. चांगला वीतभर अपुरा पडला. मास्तरसारख्या माणसाला तो पुरणार नव्हता. बारीक चणीच्या बाईला बरोबर बसला असता.